ओटीच्या ब्लाउज पिसांतून बाळाची वाकळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई उरकली की सीमाभागातल्या घराघरांत आहेराच्या कापडाची वाटणी सुरू होते. साडी कोणाला, शर्टपीस कोणाला हे लगेच ठरते. उरतात ती ओटीत आलेली ब्लाउज पिसे आणि मानपानात आलेले टॉवेल. बेळगाव शहर असो, खानापूर-निपाणी असो वा चिकोडी-हुक्केरीकडची खेडी असोत, ही पिसे कपाटाच्या खालच्या कप्प्यात रचली जातात आणि पुढच्या हळदीकुंकवाला किंवा डोहाळजेवणाला दुसऱ्या कोणाच्या तरी ओटीत जातात. साडीबरोबर तिचे ब्लाउज पीस जोडूनच येऊ लागल्यापासून हे सुटे कापड शिवायला टाकणाऱ्या बायका कमी झाल्या आहेत, त्यामुळे एकच कापड कात्री न लागता वर्षानुवर्षे या घरातून त्या घरात फिरत राहते. त्याच घरात बाळ जन्माला आले की मात्र बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला चकचकीत ‘बेबी सेट’ आणला जातो. वडगावात शिवणवर्ग चालवणारी बाई म्हणून मला याबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण या पडून असलेल्या कापडातून बाळाची वाकळ एका दुपारीत होते. ती कशी करावी हे नीट सांगता यावे यासाठी आपल्या पत्रात नेहमीपेक्षा थोडी अधिक जागा मिळावी, ही विनंती.

बाजारातला संच घेणाऱ्या आईवडिलांना मी दोष देत नाही. आपल्याकडे बाळाचे काही आधीपासून शिवून ठेवू नये, अशी समजूत अनेक घरांत अजून पाळली जाते. बाळंतपण सुखरूप झाले की मग धावपळ सुरू होते, पाचवी येते, बाराव्या दिवशी बारसे ठरते आणि मावशी-आत्यांना बाळंतविड्याची आठवण होते. पूर्वी घरात आजीचे जुने लुगडे असे, शेजारची काकू हाताने धावदोरा घालून आठवड्याभरात दुपटे करून देई. आज त्या काकू नोकरीला जातात आणि आजी गावी असतात. हाताशी वेळ नाही म्हणून दुकान गाठले जाते. वेळेची अडचण खरी आहे, म्हणून पारंपरिक जाड वाकळीबद्दल न लिहिता झटपट होणाऱ्या पातळ वाकळीबद्दल लिहीत आहे.

दुकानातल्या संचाची एकच गोष्ट मला खटकते, ती म्हणजे त्याचे कापड. मखमलीसारखे दिसणारे ते कापड बहुधा पॉलिस्टरचे असते आणि आत स्पंजाचा थर असतो. पॉलिस्टर घाम टिपत नाही, बाळाने ओले केले तर पाणी कापडात न मुरता अंगाखाली साचते आणि स्पंज आतून ओला राहतो. आपल्या भागात अजूनही बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवतात, बाळाला शेक देतात, ओवा-वावडिंगाची धुरी करतात. धुराने नवजात बाळाच्या छातीला त्रास होतो, त्यामुळे धुरी टाळावी हे बरे. पण जिथे निखारा आहे तिथे कृत्रिम धाग्याचे कापड तर जवळही आणू नये. ठिणगी पडली तर सुती कापडही पेटते, हे खरे आहे. परंतु पॉलिस्टर पेटताना वितळते आणि वितळलेला चिकट भाग कातडीला धरून बसतो, त्यामुळे भाजणे अधिक खोल जाते.

म्हणून पहिले काम कापड निवडण्याचे आहे आणि त्यात घाई करू नये. साठलेल्या पिसांतली निम्म्याहून अधिक टेरिकॉटची, साटीनची किंवा चमकी असलेली निघण्याची शक्यता असते. हाताला मऊ लागले म्हणजे सुती, असे समजू नये. कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. सुती कापडात तो लगेच पसरून मुरतो, कृत्रिम धाग्याच्या कापडावर तो बराच वेळ मोत्यासारखा बसून राहतो. मात्र नव्या सुती कापडाला खळ असते तेव्हाही पाणी लवकर मुरत नाही, म्हणून शंका असेल तर कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरावेत आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मुले जवळ नसताना, काडी लावून पाहावी. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, काळा धूर सोडतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. तो मणी एकदा बोटाने दाबून पाहिला की बाळाच्या अंगाखाली कोणते कापड घालू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. चाळणीत उरतात ती बहुधा रुबियाची आणि साध्या सुती छापाची पिसे. तीन-चार मिळाली तरी पुरतात. खण, जरीचे काठ, टिकल्यांची नक्षी असलेले काहीही या कामात घेऊ नये.

पाठीसाठी, म्हणजे बाळाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूसाठी, जुनी सुती साडी सर्वांत चांगली. आपल्याकडे नवजात बाळाला आधी जुने कापड घालण्याची रीत आहे आणि तिच्यामागे व्यवहार आहे: अनेकदा धुतलेल्या कापडातली खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो आणि धागा मऊ झालेला असतो. घरात आजीची इरकल असेल तर तिचे अंग वापरता येते. परंतु इरकलीचे काठ आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमी असतात, ते उतरवून वेगळे ठेवावेत. जुनी साडी कापण्यापूर्वी ती खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरावी. बसण्याच्या आणि कमरेच्या जागी धागे विरळ झालेले असतात, तिथून उजेड जाळीसारखा दिसतो. तो भाग घेतला तर तिसऱ्या धुण्याला वाकळ फाटते. निऱ्यांच्या आतला, कमी वापरलेला भाग घ्यावा. ज्या साडीत सासूबाईंचा किंवा आईचा जीव अडकलेला आहे, ती कापण्यापूर्वी त्यांना विचारावे, एवढे मात्र मी माझ्या वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगते.

मधल्या थरासाठी मी आहेराचा टॉवेल सुचवते. लग्नात, वास्तुशांतीत, सत्कारात मिळालेले ‘टॉवेल-टोपी’मधले टॉवेल आपल्याकडे घरटी कितीतरी निघतात आणि त्यांतले बरेचसे अंग पुसायला फार पातळ असतात. वाकळीच्या मध्ये घालायला तो पातळपणाच उपयोगी पडतो. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल असेल तर त्यातून एका वाकळीचा मधला थर जोड न देता निघतो. टॉवेल लहान असतील तर दोन तुकडे एकावर एक न चढवता कडेला कड लावून हाताने सैल टाक्यांनी जोडावेत, म्हणजे मध्ये उंचवटा राहत नाही. टॉवेल नसेल तर फलालीनचे जुने कापड, वडीलधाऱ्यांचे मऊ झालेले धोतर दुहेरी करून किंवा विरलेली सुती चादरही चालते. टॉवेलवर नक्षीचा जाड काठ असेल तर तो वगळावा, कारण शिवताना सुई तिथेच मोडते.

सर्व कापड शिवण्यापूर्वी धुवावे, हा नियम कधीही मोडू नये. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि तीन थर तीन वेगळ्या मापांनी आटले तर वाकळ चुण्यांनी भरते. रंग जातो का ते पाहण्यासाठी ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. रुमालावर रंग उतरला तर ते कापड बाजूला ठेवावे. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, असे अनेक जणी समजतात, पण आजच्या रंगांना त्याचा उपयोग होत नाही. गडद लाल आणि गडद निळ्या पिसांच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण बाळाच्या तोंडात वाकळीचा कोपरा जाणार हे ठरलेले आहे.

आता मापे सांगते. शिवण्याचा वेळ वाचवायचा असेल तर चौकोन जोडत बसू नये, पट्ट्या घ्याव्यात. ब्लाउज पीस साधारण ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच लांब असते. त्याच्या लांबीच्या बाजूने सहा-सहा इंच रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात, आणि किनारीची घट्ट विणीची पट्टी आधी वेगळी करावी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चांगला असेल तर एका पिसातून सहा पट्ट्या निघतात, पन्हा कमी असेल तर पाच. एका वाकळीला सात पट्ट्या लागतात. अर्धा इंच शिवण धरून सात पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की बरोबर ३६ इंच होतात. दुसरी बाजू ३० इंचांवर सरळ करून घ्यावी. कडेची शिवण जाऊन तयार वाकळ ३५ बाय २९ इंचांची होते आणि तान्ह्या बाळाला ती पुरून उरते. सहा पट्ट्यांची चार पिसे हाताशी असतील तर तीन वाकळींचा वरचा थर निघून तीन पट्ट्या शिल्लक राहतात, म्हणून मैत्रिणींनी एकत्र बसून पिसांची अदलाबदल केली तर रंगांचीही सोय होते.

या पट्ट्या कात्रीने कापू नयेत, फाडाव्यात. साध्या विणीचे सुती कापड कडेला कात्रीने अर्धा इंच छाट देऊन दोन्ही हातांनी झटक्यात ओढले की ते एकाच धाग्यावरून सरळ फाटत जाते. खडूने आखणे, फूटपट्टी धरणे, वळणारी कात्री सांभाळणे हे सगळे वाचते. वर्गात नवीन आलेली मुलगी या वेळी हमखास थांबते आणि विचारते, ‘‘बाई, खरंच फाडू काय?’’ चांगले कापड फाडायला हात धजत नाही, हे स्वाभाविक आहे. पण पहिली पट्टी फाडल्यावर कडेचा तो सरळ धागा दिसला की पुढच्या पट्ट्या ती भराभर काढते. फाडल्यामुळे कडेला थोडे धागे सुटतात आणि कड किंचित ओढली जाते, त्यावर इस्त्री फिरवली की ती बसते. छापील कापडात नक्षी तिरकी छापलेली असेल तर फाडलेली पट्टी नक्षीला तिरकी दिसेल. ते तसेच राहू द्यावे, कारण धाग्यावर सरळ असलेली पट्टी धुतल्यावर पिळत नाही.

पट्ट्या जोडताना गडद आणि फिका रंग आलटून पालटून ठेवावा, याहून अधिक विचार करण्याची गरज नाही. टीप जरा लांब घ्यावी, सुई १४ किंवा १६ नंबरची आणि दोरा सुती असावा. सगळ्या शिवणी एकाच बाजूला इस्त्रीने बसवाव्यात. मग सतरंजीवर आधी टॉवेल पसरावा, त्यावर साडीचे कापड सुलट बाजू वर करून ठेवावे आणि त्यावर पट्ट्यांचा थर सुलट बाजू खाली करून ठेवावा. थर हाताने मधून कडेकडे सारवल्यासारखे सपाट करत न्यावेत. टाचण्या लावण्यापेक्षा कडेने लांब कच्चे टाके घालणे मला अधिक सुरक्षित वाटते. विसरलेला दोरा नंतर ओढून काढता येतो, विसरलेली टाचणी बाळाच्या पाठीला सापडते. आता चारही बाजूंनी अर्धा इंचावर टीप घालावी, फक्त एका बाजूला वीतभर जागा उघडी सोडावी आणि तिच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे करून पक्की करावी. कोपऱ्यांवरचे जादा कापड तिरके छाटावे, उघड्या जागेतून हात घालून पूर्ण वाकळ उलथावी आणि चमच्याच्या बोथट दांड्याने कोपरे बाहेर काढावेत. उघडी जागा बारीक तुरपाईने बंद केली आणि कडेपासून पाव इंचावर सभोवार आणखी एक टीप घातली की काठाला वेगळा गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावण्याचे काम उरत नाही. वाकळीत सर्वांत वेळखाऊ असते ते गोटाचे काम, आणि ते वाचल्यामुळेच ही वाकळ दुपारची जेवणे आवरून बसलेल्या बाईच्या हातून दिवेलागणीला पुरी होते.

तीन थर एकमेकांत धरून ठेवण्यासाठी पट्ट्यांच्या जोडावरून सरळ टिपा घालाव्यात. मधल्या जोडापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सरकत जावे, म्हणजे मधले कापड फुगून राहत नाही. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी हाच भाग हाताने धावदोऱ्याने करावा, आणि मला विचाराल तर मशीन असणाऱ्यांनीही एवढा भाग हाताने करावा. हाताचा टाका सैल असतो, त्यामुळे वाकळ अंगाला मऊ लागते. वेळ मात्र एक संध्याकाळ जास्त जातो.

धावदोऱ्याचे उत्तम काम पाहायचे असेल तर आपल्याला लांब जावे लागत नाही. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेने तुकडे लावत वाकळीभोवती फिरतात आणि शिवत शिवत मध्यावर पोचतात. चार कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. त्यांच्या कामात आखणी नसते, माप हाताचे असते आणि टाके ओळीने पाण्याच्या लाटांसारखे जातात. आपल्या कन्नड शेजारणींच्या घरातली कौदीही अशीच जुन्या कापडाची आणि हातटाक्याची असते. या भागात राहणाऱ्या कुठल्याही बाईच्या घरी किंवा शेजारी ही कला जाणणारी एक तरी वडीलधारी बाई सापडतेच; तिला दुपारी बोलावून शेजारी बसवावे, टाका आपोआप सुधारतो.

सुरक्षिततेबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. सुटलेला लांब दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. बाळ रडते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक दोऱ्याची गाठ कापडाच्या थरांत ओढून घ्यावी, वाकळ दोन्ही बाजूंनी तपासावी आणि प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा तपासावी. मणी, आरसे, बटणे, लेस, लोकरीचे गोंडे यांपैकी काहीही लावू नये. दिसायला साधी असली तरी चालेल. दुसरी गोष्ट अशी की एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाठीवर, घट्ट सपाट अंथरुणावर झोपवावे आणि त्याच्या जवळ सुटी पांघरुणे, उशा ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण पांघरूण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्यामुळे ही वाकळ झोपलेल्या बाळावर पांघरून कोणी निघून जाऊ नये. बाळ जागे असताना जमिनीवर अंथरायला, मांडीवर घेताना, मालीशीच्या वेळी, लस टोचायला दवाखान्यात नेताना आणि कोवळ्या उन्हात घेऊन बसताना तिचा खरा उपयोग आहे. घरातल्या आजींना हे पटवताना जड जाईल, याची मला कल्पना आहे. थंडीत बाळाला गुरफटून ठेवणे हीच माया, असे त्या मानतात. त्यांच्याशी वाद न घालता अंगात सुती कपड्यांचा एक थर वाढवावा, असा मार्ग मी सुचवते.

पातळ वाकळीचा आग्रह मी आपल्या पावसामुळेही धरते. जून ते सप्टेंबर या काळात खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, दोरीवर घातलेला कपडा दिवस दिवस दमट राहतो. चार-पाच जुन्या साड्यांची जाड वाकळ या दिवसांत एकदा भिजली की तिला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. तीन थरांची वाकळ पंख्याखाली पसरून ठेवली तर रातोरात वाळते. म्हणून एकच देखणी जाड वाकळ देण्याऐवजी दोन-तीन साध्या पातळ वाकळी बाळंतविड्यात द्याव्यात. धुताना साध्या साबणाने धुवाव्यात, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळाव्यात आणि ऊन पडेल त्या दिवशी उन्हात घालाव्यात. सुवासिक द्रव घालू नये, तान्ह्या कातडीला त्याची गरज नसते.

हे सगळे करताना एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते, ती म्हणजे ओटीतल्या पिसांत सुती पिसे कमी असतात. यावरचा उपाय आपल्याच हातात आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या गल्ल्यांत हळदीकुंकू होते, चैत्रात होते, वर्षभर डोहाळजेवणे आणि लग्ने असतात. खडेबाजारात किंवा गावच्या बाजारात ओटीसाठी गठ्ठ्याने पिसे घेताना दर पाहिला जातो आणि कापड पाहिले जात नाही, कारण हे कोणी शिवणार नाही, असे देणारी गृहीत धरते आणि घेणारीही. संख्या कमी करावी, पण प्रत्येक पीस शुद्ध सुती असावे, असा निश्चय महिला मंडळांनी केला तर देणारीचा खर्च फारसा वाढणार नाही आणि घेणारीच्या घरी कापडाचा उपयोग होईल. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग आणि यंत्रमाग चालत आले आहेत. माग चालवणाऱ्या घरांत कापडाचा वीतभर तुकडाही कोणी टाकत नाही, कारण त्या वितीमागे किती धागे भरावे लागतात, हे त्यांना ठाऊक असते. ज्या शहराला अशा गल्ल्या लाभल्या आहेत, तिथे न वापरण्यासाठीच कापड विकत घेतले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटी एक ठोस विनंती करते. आपल्या जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या तालुक्यांत साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यासोबत तान्ही बाळे असतात. आई पहाटेच्या थंडीत फडात जाते आणि बाळ खोपीत किंवा फडाच्या कडेला मोठ्या भावंडाजवळ असते. या बाळांसाठी आपल्या कपाटातली पिसे आणि आहेराचे टॉवेल उपयोगी आणता येतील. प्रत्येक महिला मंडळाने, बचत गटाने किंवा गल्लीतल्या दहाबारा जणींनी नवरात्र संपल्यावर एक दुपार एकत्र बसावे. काहींनी कापड तपासावे, काहींनी पट्ट्या फाडाव्यात, मशीनवाल्यांनी टिपा घालाव्यात आणि वडीलधाऱ्यांनी धावदोरा घालावा. तयार वाकळी धुऊन, वाळवून, दोरे तपासून टोळीतल्या आयांच्या हातात द्याव्यात आणि बाळ झोपलेले असताना वाकळ त्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नये, हे देताना समजावून सांगावे. गावची अंगणवाडी ताई सोबत आली तर टोळीत तान्ही बाळे किती आहेत, हेही आधी कळेल. आपल्या पत्राने दसऱ्याच्या आसपास महिलांच्या पुरवणीत याबद्दल एक आवाहन छापावे. ज्या मंडळांना शिकायचे असेल त्यांच्याकडे कापड फाडण्यापासून तुरपाईपर्यंत सर्व शिकवायला वर्गाच्या सुटीच्या दिवशी स्वतः येण्याची माझी तयारी आहे. मशीन नसले तरी अडणार नाही, सतरंजी आणि उजेडाची जागा असली की काम सुरू करता येईल.

कळावे,
आपली नम्र,
शिवणवर्ग चालवणारी एक वाचक,
वडगाव, बेळगाव